आराखड्यावाचून उभा राहणारा तर्कू

एका पेशीच्या दोन पेशी होण्याआधी तिच्या आत एक रचना उभी राहते. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती, हजारो बारीक तंतूंची. माणसाच्या पेशीत तिची लांबी साधारण १० ते १५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. हा तर्कू. दुप्पट झालेली ४६ गुणसूत्रं तो मध्यावर रांगेत आणतो, प्रत्येकाची एक प्रत एका ध्रुवाकडे आणि दुसरी दुसऱ्या ध्रुवाकडे नेतो, आणि काम झालं की मोडून जातो. पुढच्या विभाजनाला तो नव्याने उभा राहतो. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीवरून वाटतं की तर्कू हा पेशीतला एखादा कायमचा सांगाडा असावा. तसा तो नाही. हे ज्या प्रयोगांनी दाखवलं ते मला पेशीविज्ञानातल्या सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी वाटतात.

जर्मनीतल्या वाल्थर फ्लेमिंग यांनी १८८२ सालच्या आपल्या ग्रंथात पेशीविभाजनाच्या पायऱ्या बारकाईने चितारल्या होत्या. पण तर्कूचे तंतू स्पष्ट दिसत ते मारून रंगवलेल्या पेशींत. जिवंत पेशीत त्या जागी काहीच दिसत नसे. त्यामुळे हे तंतू खरे नसून रसायनांनी पेशीरस गोठताना पडलेल्या रेघा आहेत, असं म्हणणारे शास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होते. शिन्या इनोउए यांनी हा वाद मिटवला. युद्धानंतरच्या जपानमध्ये, टाकून दिलेल्या मशीनगनच्या बैठकीवर त्यांनी आपला पहिला ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक जुळवला होता. एकाच दिशेने रचलेले रेणू अशा प्रकाशात उजळून दिसतात, त्यासाठी पेशी मारावी किंवा रंगवावी लागत नाही. पुढे अमेरिकेत अधिक चांगलं उपकरण बांधून त्यांनी १९५३ साली एका सागरी कृमीच्या अंड्यांत आणि लिलीच्या परागपेशींत जिवंत तर्कूचे तंतू दाखवले.

त्याहून मोलाचं निरीक्षण पुढे होतं. अंडं थंड केलं की काही मिनिटांत तर्कू मावळे. ऊब दिली की पुन्हा तिथेच उभा राही, आणि विभाजन पुढे चालू होई. इनोउए यांनी त्यातून काढलेला अर्थ असा, की तंतू ज्या तुकड्यांचे बनतात ते तुकडे पेशीरसात सुटे तरंगत असतात, आणि तंतू व सुटे तुकडे यांच्यात सतत देवाणघेवाण चालते.

मग त्या तुकड्यांना कुठे जुळायचं, किती लांब व्हायचं, दोनच ध्रुव कसे करायचे, हे कोण सांगतं? तर्कूचा आराखडा कुठल्याही जनुकात लिहिलेला नाही. जनुकांत लिहिलेली असते ती प्रथिनांची साखळी, आणि साखळी घडी घालून जो आकार घेते त्या आकारातच पुढचं सगळं दडलेलं असतं. तर्कूतलं एकेक प्रथिन जवळून पाहत गेलं की मुकादमाची गरज कमी कमी होत जाते.

पहिलं प्रथिन अर्थात तंतूंचं. शिकागो विद्यापीठात गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी ते एका विषाच्या मागावरून शोधलं. कोल्चिसिन हे रसायन तर्कू मोडतं, हे माहीत होतं. ते युरोपातल्या कोल्चिकम वनस्पतीत सापडतं. पावसाळ्यात सह्याद्रीत लाल-पिवळी फुलं घेऊन येणाऱ्या कळलावीच्या कंदातही तेच असतं, आणि कळलावी विषारी आहे ती मुख्यतः त्याच्यामुळे. बोरिसी आणि टेलर यांनी किरणोत्सारी कोल्चिसिन पेशींत सोडून ते कशाला चिकटतं ते १९६७ साली पाहिलं. त्या प्रथिनाला पुढे ट्युब्युलिन हे नाव मिळालं.

ट्युब्युलिन जोडीने राहतं. अल्फा आणि बीटा ही दोन बरीचशी सारखी प्रथिनं, प्रत्येकी सुमारे ४५० अमिनो आम्लांची, एकमेकांना घट्ट लागलेली. एक जोडी ८ नॅनोमीटर लांब. जोडीवर जोडी टोकाला टोक लागून एक सरळ ओळ होते, आणि अशा साधारण १३ ओळी शेजारी-शेजारी बसून २५ नॅनोमीटर जाडीची पोकळ नलिका होते. हीच सूक्ष्मनलिका, आकृतीतला तंतू. एका मायक्रोमीटर लांबीत सोळाशेच्या वर जोड्या लागतात. सगळ्या जोड्या एकाच दिशेने तोंड करून बसत असल्यामुळे नलिकेची दोन टोकं सारखी राहत नाहीत. एका टोकाला सगळ्या बीटा उघड्या, दुसऱ्या टोकाला सगळ्या अल्फा. बीटाचं टोक झपाट्याने वाढतं, त्याला धन टोक म्हणतात. अल्फाचं ते ऋण टोक. तर्कूत ऋण टोकं बहुतांशी ध्रुवांकडे आणि धन टोकं गुणसूत्रांकडे असतात. पुढे येणाऱ्या प्रत्येक प्रथिनाला दिशा कळते ती याच फरकामुळे.

ट्युब्युलिनचा अणुपातळीवरचा आकार बर्कलीच्या प्रयोगशाळेत एव्हा नोगालेस, शेरॉन वुल्फ आणि केनेथ डाउनिंग यांनी १९९८ साली प्रसिद्ध केला. जस्ताच्या सान्निध्यात ट्युब्युलिनचे सपाट पत्रे बनतात. त्यांच्यावर इलेक्ट्रॉनचा झोत टाकून त्यांनी हे चित्र मिळवलं. पत्रे टिकावेत म्हणून टॅक्सॉल वापरलं होतं, त्यामुळे बीटाच्या खोबणीत बसलेलं टॅक्सॉलही त्या चित्रात दिसलं. इथे एक नाव आवर्जून घ्यायला हवं. टॅक्सॉल हा रेणू पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून वेगळा करून त्याची रचना १९७१ साली जगापुढे ठेवणाऱ्यांत मन्रो वॉल यांच्यासोबत होते मनसुख वाणी. त्यांचा जन्म १९२५ सालचा, नंदुरबारचा. मुंबईत रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेत गेले आणि नॉर्थ कॅरोलिनात त्यांनी हे काम केलं. अंडाशयाच्या आणि स्तनाच्या कर्करोगावर आज दिलं जाणारं हे औषध नक्की काय करतं, हे १९७९ साली सुझन हॉरविट्झ यांनी न्यूयॉर्कमध्ये शोधलं. कोल्चिसिन सूक्ष्मनलिका मोडतं, टॅक्सॉल त्यांना मोडू देत नाही. तरी दोन्हींनी विभाजन थांबतं. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळणारी व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही औषधंही ट्युब्युलिनलाच चिकटून तर्कू बिघडवतात.

मोडता न येणारी नलिका पेशीला इतकी नकोशी का व्हावी? याचं उत्तर त्याच चित्रात आहे. अल्फा आणि बीटा या दोघांत जीटीपी नावाचा ऊर्जा देणारा एकेक रेणू बसलेला असतो. अल्फामधला जोडीच्या सांध्यात अडकलेला असतो, तो कधीच खर्च होत नाही. बीटामधला उघडा असतो. त्याचं विघटन करायला जे अमिनो आम्ल लागतं ते मात्र बीटामध्ये नाही. ते असतं अल्फाच्या खालच्या अंगाला. म्हणजे पुढची जोडी येऊन वर बसली की तिची अल्फा खालच्या बीटामधला जीटीपी मोडते. प्रत्येक नवी जोडी आपल्या आधीच्या जोडीला अस्थिर करत जाते. जीटीपी मोडलेली जोडी वाकायला पाहते, पण नलिकेत अडकल्यामुळे तिला सरळ राहावं लागतं आणि ताण साठत जातो. टोकाशी ताज्या, जीटीपी शाबूत असलेल्या जोड्यांचा थर आहे तोवर सगळं टिकतं. तो थर हरवला की १३ ओळी बाहेरच्या बाजूला वळत सुटतात आणि नलिका वेगाने कोसळते. कधी मध्येच सावरते आणि पुन्हा वाढू लागते. टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी हे वागणं १९८४ साली दाखवलं तेव्हा अणुरचना कुणी पाहिलीही नव्हती. नंतर मिळालेली रचना त्यांच्या निष्कर्षाशी इतकी जुळावी, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

ओघात आणखी एक. नेचर या नियतकालिकाच्या ज्या अंकात ट्युब्युलिनची रचना आली, त्याच अंकात एफटीएसझेड या प्रथिनाचीही रचना छापली गेली. जिवाणू दोन होताना त्यांच्या कमरेभोवती जे कडं तयार होतं ते याचं. दोन्हींच्या साखळ्या अक्षरशः वेगळ्या, पण घडी तीच.

वाढणं आणि कोसळणं यात एक मोठा फायदा आहे. नलिका सगळ्या दिशांना हात टाकत राहतात. जिला गुणसूत्र सापडलं ती टिकते, बाकीच्या मोडतात आणि त्यांचं ट्युब्युलिन दुसरीकडे वापरलं जातं. पण एवढ्यावर तर्कू होत नाही, कारण सुट्या जोड्यांतून नवी नलिका सुरू होणं फार अवघड असतं. गोल विहीर बांधताना पहिला थर घालणं जसं सर्वांत जिकिरीचं, आणि तो नीट बसला की वरचे थर त्याच्या आधाराने चढत जातात, तसंच इथेही असतं. पेशीने हा पहिला थर वेगळ्या प्रथिनावर सोपवला आहे. बर्ल ओकली आणि एलिझाबेथ ओकली यांना १९८९ साली एका बुरशीत ट्युब्युलिनचा तिसरा भाऊ सापडला, गॅमा. तो नलिकेच्या भिंतीत नसतो. इतर प्रथिनांच्या आधाराने १४ गॅमांचं एक कडं बनतं, आणि त्यातला पहिला आणि शेवटचा एकमेकांवर येत असल्यामुळे वर १३ ओळींची जागा उरते.

हे कडं म्हणजे तयार साचा, असं वर्षानुवर्षं मानलं जाई. २०१९-२० च्या सुमारास अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली माणसाचं कडं दिसलं तेव्हा ते वाकडं निघालं. एका बाजूने फाकलेलं, नलिकेशी नीट न जुळणारं, आणि आत पोकळीत ॲक्टिन या प्रथिनाचा एक रेणू बसलेला. साचाच वाकडा कसा? २०२४ मध्ये नलिका सुरू होतानाची चित्रं मिळाली, त्यांत कडं मिटून १३ ओळींना जुळेल असं झालेलं दिसलं. याचा मला लागलेला अर्थ असा, की पेशीला नलिका कुठेही सुरू व्हायला नको आहेत. वाकडं कडं आळशी असतं. योग्य जागी, योग्य सोबत मिळाली तरच ते कामाला येतं.

योग्य जागा कुठली, हे ठरवण्यात गुणसूत्रांचा स्वतःचा हात आहे. यावर १९९६ साली हायडेलबर्गला झालेला प्रयोग सांगण्याजोगा आहे. रिबेका हील्ड आणि एरिक कार्सेंटी यांच्या गटाने बारीक मण्यांवर डीएनए चिकटवला आणि ते मणी झेनोपस बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात सोडले. अर्क म्हणजे पेशी नव्हे. पेशी फोडून काढलेला रस. मण्यांभोवती तारककेंद्रं नव्हती, गुणसूत्रांचे पकड घेणारे बिंदूही नव्हते. तरीही मण्यांच्या भोवती दोन ध्रुवांचा तर्कू उभा राहिला. तारककेंद्रांपासूनच तर्कू सुरू होतो असं पुस्तकांत शिकवलं जात होतं. प्राणिपेशीत ती मदत करतात हे खरंच, पण त्यांच्यावाचूनही भागतं. वनस्पतींचं तर नेहमीच भागतं.

मण्यांवरच्या डीएनएने केलं काय? त्याचा उलगडा १९९९ साली अनेक प्रयोगशाळांतून एकदमच झाला. गुणसूत्रांना चिकटून आरसीसी-१ नावाचं प्रथिन असतं. ते रॅन या लहानशा प्रथिनाला जीटीपी देत राहतं. पेशीरसात थोडं दूर गेलं की दुसरं प्रथिन रॅनकडून तो जीटीपी मोडून घेतं. म्हणून जीटीपीधारी रॅन गुणसूत्रांजवळ दाट आणि लांब जावं तसा विरळ. तर्कू उभारणारी काही प्रथिनं, विशेषतः टीपीएक्स-२, इम्पॉर्टिन नावाच्या प्रथिनांनी धरून ठेवलेली असतात. जीटीपीधारी रॅन इम्पॉर्टिनला भिडला की इम्पॉर्टिनचा आकार बदलतो आणि टीपीएक्स-२ सुटतं. तेही फक्त गुणसूत्रांच्या आसपासच.

सुटलेलं टीपीएक्स-२ आधीच्या नलिकांवर जाऊन बसतं. तिथे आठ प्रथिनांचं बनलेलं ऑग्मिन येतं, लांबट आणि एका टोकाशी फाटा फुटलेलं. त्याचं एक अंग जुन्या नलिकेला धरतं, दुसरं गॅमाच्या कड्याला बोलावतं. जुन्या नलिकेच्या अंगावरून नवी नलिका फुटते, बारीक कोनात आणि त्याच दिशेला तोंड करून. सबीन पेट्री आणि रॉन व्हेल यांच्या गटाने २०१३ मध्ये बेडकाच्या अर्कात या फांद्या फुटताना प्रत्यक्ष पाहिल्या. कोन बारीक असणं महत्त्वाचं, कारण त्यामुळे हजारो नलिका झाल्या तरी त्यांची धन टोकं एकाच बाजूला राहतात.

आता नलिका भरपूर झाल्या, पण दोन ध्रुव अजून व्हायचे आहेत. हे काम कायनेसिन-५ करतं, नलिकांवरून चालणाऱ्या कायनेसिन प्रथिनांपैकी एक. बहुतेक कायनेसिनांना एका टोकाला दोन मोटारी, म्हणजे चालणारे भाग, असतात आणि दुसऱ्या टोकाला ओझं. कायनेसिन-५ मध्ये चार साखळ्या मधोमध उलटसुलट गुंफलेल्या असतात, त्यामुळे दोन मोटारी इकडच्या टोकाला, दोन तिकडच्या. मधली गुंफण ताठ असते. एका ध्रुवाकडून आलेली नलिका आणि समोरच्या ध्रुवाकडून आलेली नलिका या दोघींना ते एकाच वेळी धरतं, आणि दोन्हींवर धन टोकाकडे ८-८ नॅनोमीटरची पावलं टाकतं. परिणामी नलिका एकमेकींवरून सरकतात आणि ध्रुव दूर ढकलले जातात. १९९९ साली मिचिसन यांच्या गटाने १६ हजारांहून अधिक रसायनं चाळून मोनॅस्ट्रॉल शोधलं, जे नेमकं हेच प्रथिन अडवतं. तेव्हा पेशीत दोन ध्रुव झालेच नाहीत. मध्ये एक ध्रुव आणि भोवती गुणसूत्रांचं वर्तुळ.

ढकलणारा आहे तसा ओढणाराही लागतो. डायनीन हे प्रथिन ऋण टोकाकडे चालत नलिकांची टोकं ध्रुवावर एकत्र आणतं. कायनेसिन-१४ हेही ऋण टोकाकडे जातं, आणि इथे रचनेची एक गंमत आहे. त्याची मोटार धन टोकाकडे जाणाऱ्या कायनेसिनांच्या मोटारीसारखीच दिसते. फरक आहे तो मोटारीला लागून असलेल्या मानेत, आणि ती मान कुठल्या बाजूला जोडली आहे त्यात. मानेतल्या छोट्या बदलाने प्रवासाची दिशा बिघडते, हे प्रयोगांनी दिसलं आहे. कायनेसिन-१४ कडे पुन्हा यावं लागेल.

गुणसूत्राची पकड घेणारं मुख्य प्रथिन एनडीसी-८० संकुल. सुमारे ५७ नॅनोमीटर लांबीचा हा दांडा, एका टोकाला नलिका धरणारं डोकं, दुसरं टोक गुणसूत्राकडे. एकट्याची पकड कमजोर. पण माणसाच्या गुणसूत्राच्या एका पकडबिंदूवर पंधरा-वीस नलिका येतात आणि प्रत्येकीला असे अनेक दांडे लागतात. कमजोर असणं इथे गुण ठरतं. नलिकेचं टोक कोसळत मागे सरतं तेव्हा घट्ट पकड मागे राहून सुटली असती. कमजोर पकडी सुटत-धरत टोकाबरोबर सरकतात, आणि कोसळणारी नलिका गुणसूत्राला ध्रुवाकडे ओढून नेते. नलिका वाढताना साठलेला ताण इथे कामी येतो.

सगळी गुणसूत्रं जोडली जाईपर्यंत पेशी थांबते. कोनली रीडर यांनी १९९५ साली एका पेशीतल्या शेवटच्या न जोडलेल्या गुणसूत्राचा पकडबिंदू लेझरने जाळला, आणि थांबलेली पेशी पुढे सरकली. म्हणजे तो एकच बिंदू ‘थांबा’ म्हणत होता. तो निरोप मॅड-२ या प्रथिनाच्या आकारातून जातो. मॅड-२ ची साखळी एकच, पण ती दोन प्रकारे घडी घेऊ शकते, उघडी आणि मिटलेली. न जोडलेल्या बिंदूवर मिटलेलं मॅड-२ बसलेलं असतं. उघडं मॅड-२ त्याच्याजवळ आलं की तेही मिटू लागतं आणि पेशीभर जाऊन विभाजन रोखणाऱ्या संकुलात सामील होतं. नलिका येऊन बिंदूला लागली की मिटवणारं मॅड-२ तिथून निघून जातं आणि निरोप बंद पडतो.

ही सगळी यंत्रणा जिथे सर्वांत कच्ची ठरते ती पेशी आपल्या जन्माशीच निगडित आहे. माणसाच्या अंडपेशीत तारककेंद्रं नसतात. तिथला तर्कू बेडकाच्या अर्कातल्या मण्यांप्रमाणे रॅनच्या भरवशावर उभा राहतो. मेलिना शू यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की त्याला सुमारे १६ तास लागतात आणि त्या काळात तो अनेकदा डळमळतो, दोनाऐवजी तीन-चार ध्रुव होतात, गुणसूत्रं चुकीच्या बाजूला जातात. गर्भपात आणि डाउन सिंड्रोम यांच्या मुळाशी बऱ्याचदा अंडपेशीतली अशीच चूक असते. उंदराच्या किंवा गाईच्या अंडपेशीत तर्कू इतका डळमळत नाही. २०२२ मध्ये ग्योटिंगेनमधल्या याच गटाला कारण सापडलं. माणसाच्या अंडपेशीत केआयएफसी-१, म्हणजे वर आलेलं कायनेसिन-१४, जवळपास नसतंच. उंदराच्या आणि गाईच्या अंडपेशींतून ते काढून टाकलं तेव्हा त्यांचे तर्कूही माणसाच्या तर्कूसारखे डळमळू लागले. आणि तेच प्रथिन बाहेरून माणसाच्या अंडपेशीत सोडलं, तेव्हा तर्कूची दोन ध्रुवांवर स्थिर राहण्याची क्षमता वाढली.